सीईटीचे गणित : दोन वर्षांचे पीक, दीड तासाचा काटा



बेणे कोठून आणावे, सरी किती फुटांची पाडावी, खताचा हप्ता केव्हा द्यावा, याची चर्चा या पानांतून नेहमीच होते. आज जरा वेगळ्या पिकाविषयी लिहावयाचे आहे. ते पीक म्हणजे आपली अकरावी-बारावी शास्त्र शाखेत शिकणारी मुले-मुली.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लोणी, वारणानगर, कोपरगाव अशा साखर कारखानदारीच्या परिसरात इंजिनियरिंगची दारे उघडली. शेतकऱ्याच्या पोराला शिकायला पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे, ही अट गेली. पण दार उघडे असले तरी उंबरठा आहेच. आज तो उंबरठा म्हणजे एमएचटी-सीईटी, आणि त्यात सर्वांत उंच पायरी गणिताची.

पेपर कसा असतो ?

इंजिनियरिंगसाठी पीसीएम गटाची परीक्षा एकूण २०० गुणांची. त्यांपैकी एकट्या गणिताचे १०० गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून उरलेले १००. म्हणजे निम्मे माप गणिताच्या पारड्यात ! गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. २०१९ पासून परीक्षा संगणकावर होते. गणिताचा पेपर इंग्रजीत असतो, हे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. गणित येते पण प्रश्नच कळला नाही, असे होता कामा नये. नव्या इंग्रजी संज्ञांची एक वही अकरावीतच घालावी.

प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. पुष्कळ मुले अकरावीला विश्रांतीचे वर्ष समजतात. २० टक्के म्हणजे १० प्रश्न, म्हणजे २० गुण. एवढे पीक उभे सोडून द्यायचे का ?

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, त्याचाही घरोघरी घोटाळा होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९० गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९० मुले आपल्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, म्हणून ही पद्धत. शेजारच्याच्या पोराशी नुसते गुण ताडून पोराला बोल लावू नये.

वेळेचा हिशेब

९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. दोन मिनिटेसुद्धा नाहीत. म्हणून पेपर तीन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत हमखास येणारे प्रश्न. दुसऱ्या फेरीत येतात पण वेळ खातात असे. तिसरीत उरलेसुरले. एकाच प्रश्नावर अडून बसणे म्हणजे एक गाडी चिखलात रुतली म्हणून सगळी टोळी बसवून ठेवणे.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तरी दहा प्रश्नांत सरासरी अडीच बरोबर येतात, म्हणजे पाच गुण. दोन पर्याय निश्चित खोटे म्हणून बाजूला काढता आले, तर तेच दहा गुण होतात. मात्र जेईई मेनमध्ये चुकीला एक गुण वजा होतो. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी ही सवय तिकडे नेऊ नये.

बांधावरचे उदाहरण

पाटाच्या कडेला भाजीपाल्यासाठी चौकोनी तुकडा कुंपण घालून घ्यायचा आहे. तार ४०० फूट. पाटाकडील बाजूला तार नको. जास्तीत जास्त क्षेत्र कसे मिळेल ? बारावीच्या डेरिव्हेटिव्हच्या धड्यातले हे नेहमीचे गणित.

पाटाला काटकोनात असणारी बाजू क्ष धरली, तर समोरची बाजू ४०० वजा २क्ष. क्षेत्रफळ ४००क्ष वजा २क्ष². त्याचा डेरिव्हेटिव्ह ४०० वजा ४क्ष. तो शून्य धरला की क्ष = १००. म्हणजे तुकडा १०० बाय २०० फूट, क्षेत्र २०,००० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा सव्वाअठरा गुंठ्यांहून थोडे जास्त. तीच तार चारी बाजूंनी लावली तर जास्तीत जास्त १०० बाय १००, म्हणजे सव्वानऊ गुंठेसुद्धा भरत नाहीत.

आता परीक्षेतली युक्ती पहा. पर्याय ५०, ८०, १०० आणि १२० असे दिले असतील, तर ते घालून पहावेत. ५० ला १५,०००. ८० ला १९,२००. १२० लाही १९,२००. आणि १०० ला २०,०००. उत्तर हाती आले ! पण ही युक्ती सूत्र विसरल्या वेळची काठी आहे, पाय नव्हे. रोजच्या अभ्यासात रीत पूर्ण लिहूनच गणित सोडवावे.

वेळापत्रक

अकरावीच्या जूनपासून बारावीनंतरच्या एप्रिलपर्यंत बावीस महिने होतात. हे आडसालीपेक्षाही लांबणीचे पीक आहे. शेवटच्या दोन महिन्यांत युरिया ओतून ते येत नाही.

अकरावीत त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता हे धडे पक्के करावेत. बारावीत इंटिग्रेशन आणि व्हेक्टर यांना जास्त दिवस द्यावेत, कारण त्यांत हात बसायला वेळ लागतो. बालभारतीचे पाठ्यपुस्तक उदाहरणासकट संपवल्याशिवाय जाड गाईडाला हात लावू नये. रोज निदान वीस गणिते, आणि चुकलेल्या गणितांची वेगळी वही. दर रविवारी ती वही पुन्हा सोडवावी. बोर्डाची परीक्षा झाल्यावर घड्याळ लावून पूर्ण सराव पेपर द्यावेत, त्यांतले काही तरी संगणकावर. पडद्यावर वाचून कागदावर आकडेमोड करण्याचीही सवय लागते.

बोर्डाकडेही दुर्लक्ष नको. प्रवेशाच्या पात्रतेसाठी बारावीला पीसीएममध्ये खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात.

घरच्यांनी काय करावे ?

बोर्डाची परीक्षा येते ती ऐन तोडणीच्या धामधुमीत. टोळी आली की घरातला प्रत्येक हात लागतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण त्या दोन-तीन महिन्यांत पोराला फडावर बोलवायचे की वहीवर बसू द्यायचे, हे आधीच घरात ठरवावे. मुलगी असेल तर स्वयंपाक, धुणे, धाकटी भावंडे हे सारे तिच्याच अंगावर पडते आणि अभ्यासाचे तास कोणी मोजत नाही. ‘मुलीला गणित कशाला’ हा प्रश्न आता बंद करावा.

क्लास लावू नये असे आमचे म्हणणे नाही. पण पहिल्या उचलीचे सगळे पैसे क्लासवाल्याच्या हाती देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणारा कोण ? एका वर्गात मुले किती ? चुकलेले गणित समजावून द्यायला वेळ देतात का ? मधेच सोडल्यास फी परत मिळते का ? गावातले निवृत्त गणित शिक्षक आणि पाच-सात मुलांचा गट एवढ्यावरही उत्तम तयारी होते.

आणि निकाल मनासारखा नाही लागला, तर त्या दिवशी तरी पोराच्या पाठीवर हात ठेवावा. डिप्लोमा आहे, बीएस्सी आहे, शेतकीचे शिक्षण आहे. एका हंगामात उतारा कमी पडला म्हणून आपण ऊस लावायचा सोडत नाही.