आईचा थायरॉईड आणि कोरियातलं शेवाळाचं सूप

आज आपण थायरॉईडबद्दल बोलणार आहोत, आणि त्यासाठी जरा दक्षिण कोरियापर्यंत जाऊन येणार आहोत.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली छोटी ग्रंथी. अन्नातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन तयार करते. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला हे हार्मोन लागतं. बाळाची स्वतःची ग्रंथी तिसरा महिना संपता संपता कामाला लागते, आणि पुरेसं हार्मोन बनवायला पाचवा महिना उजाडतो. तोवर सगळी भिस्त आईवर. म्हणून ही तपासणी करायची तर पहिल्या तीन महिन्यांतच करावी.

तपासणीत टीएसएच मोजतात. टीएसएच म्हणजे मेंदूकडून ग्रंथीला आलेला कामाचा निरोप. ग्रंथी मंद पडली की निरोप वाढतात, म्हणजेच टीएसएच वाढतं. पण दिवस गेल्यावर शरीरात जे गर्भारपणाचं हार्मोन वाढतं, तेही ग्रंथीला कामाला लावतं. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत टीएसएच आपोआप थोडं खाली येतं. म्हणजेच एरवीच्या बाईचं माप गर्भवतीला लावून चालत नाही.

मग माप कुठलं? 2011 साली अमेरिकेतल्या थायरॉईड तज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच 2.5 च्या आत असावं. कोरियातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या निरोगी गर्भवतींचं रक्त तपासलं, तेव्हा अनेकींचं टीएसएच 2.5 च्या वर निघालं. त्या आजारी नव्हत्या. भारत, चीन अशा देशांतही असंच आढळलं. म्हणून 2017 साली त्याच संघटनेनं सल्ला बदलला: प्रत्येक देशानं आपल्या बायकांवरून माप ठरवावं, आणि तसं माप नसेल तर वरची मर्यादा साधारण 4 धरावी.

कोरियातल्या खाण्याचाही यात विचार करावा लागतो. तिथे समुद्री शेवाळ रोजच्या जेवणात असतं. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळीवाची खीर देतो, तसं तिथे बाळंतिणीला ‘मियॉकगुक’ म्हणजे शेवाळाचं सूप देतात. शेवाळात आयोडीन भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गर्भवतीला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. कमी पडलं तर ग्रंथी थकते, आणि फार जास्त झालं तरीही ती मंदावू शकते. आपल्याकडे शेवाळ नाही, आपल्याला आयोडीनयुक्त मीठ आहे. तेच वापरा, झाकणाच्या डब्यात कोरडं ठेवा. मात्र आयोडीन मिळावं म्हणून मीठ जास्त खाऊ नका.

आता आपल्या कामाच्या चार गोष्टी.

एक, पाळी चुकली की लवकर नाव नोंदवा. आधी थायरॉईडचा त्रास, गळ्याला गाठ किंवा सूज, वारंवार गर्भपात, किंवा आई-बहिणीला थायरॉईड असेल, तर आशाताईंना आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

दोन, रक्त देताना ‘मी गरोदर आहे, इतके आठवडे झाले’ हे सांगा. रिपोर्टवर छापलेलं माप बहुतेकदा एरवीच्या माणसांचं असतं. तो आकडा बघून घाबरू नका, आणि निश्चिंतही होऊ नका. रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू द्या.

तीन, थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस गेले म्हणून ती बंद करू नका. उलट गर्भारपणात डोस बहुधा वाढवावा लागतो, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटा.

चार, ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतली तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. मध्ये चार तासांचं अंतर ठेवा.

आपल्या गटात कुणाला नुकतेच दिवस गेले असतील, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता आजच तिच्या कानावर हे घाला.