पिवळ्या बसचा चालक घडवावा लागतो

९ ऑगस्ट २०२३. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर, शाळेचा पहिला दिवस. दुपारी शाळा सुटली, पण काही मुलं घरी पोचली ती रात्री दहाच्या सुमारास. बसमार्गांची नवी आखणी फसली होती आणि मुळात चालकच कमी होते. पुढे आठवडाभर शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

कोविडनंतर अमेरिकेत ठिकठिकाणी शाळेच्या बसला चालक पुरेनासे झाले. न्यू जर्सी, टेक्सासमधल्या मराठी घरांतली मुलंही याच पिवळ्या बसने शाळेत जातात. म्हणून चालक तयार करण्यावर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आपल्याही दारातला आहे. त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : ज्याला गाडी येते, त्याला बसही येईल.
वस्तुस्थिती : त्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो आणि त्यावर प्रवासी वाहतूक व शाळेची बस अशा दोन वेगळ्या नोंदी लागतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला केंद्र सरकारकडे नोंदणी असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिकण्यासारखंही पुष्कळ असतं. रेल्वे फाटकापाशी बस थांबवायची, मुलांना शांत करायचं, खिडकी आणि दार उघडून कानोसा घ्यायचा, मगच रूळ ओलांडायचे. फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं आणि एखादं लेकरू झोपून राहिलं नाही ना, हे बाकाबाकावर वाकून पाहायचं. अनेक बसमध्ये इंजिन बंद केलं की भोंगा वाजतो आणि तो थांबवायचं बटण मुद्दाम पार मागे बसवलेलं असतं.

गैरसमज : पगार वाढवला की काम झालं.
वस्तुस्थिती : पगार वाढायलाच हवा. पण काम सकाळी काही तास, दुपारी काही तास असं तुटक असतं आणि उन्हाळ्यात शाळाच बंद. निम्म्याहून अधिक चालक पन्नाशी ओलांडलेले आहेत आणि कोविडमध्ये घरी बसलेले अनेक जण परतलेच नाहीत. त्यांच्या जागी येऊ पाहणाऱ्याने पदरमोड करून फी भरायची आणि परवाना मिळेपर्यंत बिनपगारी राहायचं, तर त्याची चूल कशी पेटणार? म्हणूनच अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट फी स्वतः भरतात आणि शिकण्याच्या काळातही तासाप्रमाणे पगार देतात.

गैरसमज : फुकट शिकवलेले लोक ट्रकवर निघून जातात.
वस्तुस्थिती : काही जातात. पण मोठी शाळेची बस बहुधा क्लास बी परवान्यावर चालते, तर महामार्गावरच्या मोठ्या ट्रेलरसाठी क्लास ए लागतो. शिवाय ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर प्रशिक्षणाचा खर्च परत करा, असा करार अनेक ठिकाणी करून घेतला जातो.

गैरसमज : प्रशिक्षण आटोपतं घेतलं की चालक लवकर मिळतील.
वस्तुस्थिती : बॉनेटखालचे इंजिनाचे भाग ओळखून दाखवण्याच्या चाचणीतून फक्त शाळेची बस चालवणाऱ्यांना वगळण्याची मुभा २०२२ मध्ये राज्यांना मिळाली. बाकीची परीक्षा तशीच ठेवली. सप्टेंबर २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी मुलांची ने-आण करायला नॅशनल गार्डचे २५० जवान उपलब्ध करून दिले. त्यांनाही आधी प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि त्यांच्या हाती मोठ्या बस नव्हे, लहान व्हॅन दिल्या गेल्या.

गैरसमज : बस नसेल तर आईबाप सोडतील.
वस्तुस्थिती : ज्यांच्या घरी गाडी नाही किंवा ज्यांची पाळी पहाटेच सुरू होते, त्यांची मुलं अशा वेळी घरीच राहतात. बस बंद पडली की शाळा सर्वांत आधी सुटते ती या मुलांची.

तुमच्या स्कूल बोर्डाची अंदाजपत्रकाची सभा असेल, तेव्हा जरूर जा. तिथे एकच प्रश्न विचारा : नव्या चालकाला शिकण्याच्या काळात पगार देता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पगार सुरू होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.