फळीवरची पुस्तके सुट्टीत खाली उतरवा

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जातो. येताना पिशवीत बाबासाहेबांचा फोटो, दिनदर्शिका आणि चार पुस्तके असतात. पोटाला चिमटा काढून घेतलेली ही पुस्तके घरी आल्यावर मात्र फळीवर रचली जातात आणि वर्षभर धूळ खातात. मुलांना परीक्षा, वडिलांना ड्युटी, आईला पाणी भरण्यापासून भांड्यांपर्यंत उसंत नाही. मग वाचायचे कधी?

वाचायचे ते याच दिवसांत! शाळांना सुट्टी आहे. दुपारी उन्हात पाऊल टाकवत नाही. मुले टीव्हीपुढे नाहीतर मोबाईलपुढे बसतात. त्यातला एक तास पुस्तकाला दिला तर काय बिघडेल?

घर लहान आहे, ही अडचण खरी. पण बाबासाहेब शिकले ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत. सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता, सारे शांत असताना, अभ्यासाला उठवत. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. पुढे गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेकडे जाणाऱ्या वाटेच्या सुरुवातीला असे एक पुस्तक होते, हे आपण विसरू नये.

वर्षावासात आपण विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन ऐकतो. तोच प्रघात सुट्टीत घरी सुरू करावा. वैशाख पौर्णिमाही याच दिवसांत येते. रोज एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. अडखळत वाचणाऱ्या लहानग्यालाही पाळी द्यावी. त्याला हसू नये. महिनाभरात त्याची जीभ वळते, शब्द वाढतात, चारचौघांत बोलायची भीती जाते. आणि हे सारे शिकवणीच्या फीशिवाय!

आजीला मुद्दाम जवळ बसवावे. शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’ किंवा शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ वाचताना येसकर, तराळकी, जोहार असे शब्द मुलांना अडतील. त्यांचा अर्थ आजी सांगेल. तिला अक्षर येत नसेल, पण त्या शब्दांमागचे जिणे तिने पाहिले आहे किंवा आपल्या आईकडून ऐकले आहे. पुस्तक बाजूला राहील, आजी बोलू लागेल. ती दुपार मुले जन्मभर विसरणार नाहीत.

आणि आईचे काय? सुट्टी मुलांना असते, तिला नसते. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद वाचत. ‘जिणं आमचं’ त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले. आपल्या घरातल्या माउलीवर लपूनछपून वाचायची पाळी का यावी? दुपारची भांडी मुलामुलींनी घासावीत, पाणी वडिलांनी भरावे आणि आईच्या हाती पुस्तक द्यावे. समता घरातूनच सुरू होते.

वाचून झालेले पुस्तक शेजारच्या घरी द्यावे, त्यांचे आपण आणावे. येत्या ६ डिसेंबरला नवी पुस्तके घ्यायला निघू, तेव्हा फळीवर न वाचलेले एकही उरलेले नसावे. जयभीम!