साच्याची पाठ

थर्माकोलचा साचा पुढून बघून विकत घेऊ नये. पुढची बाजू सगळेच चकचकीत करतात, वर टेफ्लॉनचा लेप देतात. भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मालक त्या चकाकीचं कौतुक सांगत होते, तेव्हा आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी एवढंच म्हटलं, "शेठ, जरा उलटा करायला सांगा ना."

खरा कारभार पाठीमागे चालतो. पेंटेन असलेले दाणे आधी वाफेवर फुगवतात, सायलोत मुरू देतात, मग साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. दाणे एकमेकांवर दाबले जाऊन चिकटतात. लगेच मागून पाण्याचा फवारा. म्हणजे प्रत्येक शॉटला ॲल्युमिनियमची भिंत शंभर अंशांच्या वर तापवायची आणि पुन्हा थंड करायची. ती भिंत जिथे उगाच जाड, तिथे वाफ जास्त आणि सायकल लांब. साच्यात वाचवलेले पैसे बॉयलर वर्षानुवर्षं वसूल करत राहतो.

काकांनी कॅलिपर लावला. एकीकडे 10 मिलिमीटर, कोपऱ्यात 17. पाठ मशीनिंग न करता ओतीव तशीच सोडलेली. दोन ठिकाणी वेल्डिंगचे पांढुरके ठिपके: कास्टिंगमधली भोकं बुजवलेली. बुजवणं गुन्हा नाही, पण मालकांनी आपणहून सांगितलं नव्हतं, हे मला जास्त खटकलं.

मग व्हेंट. बटणाएवढ्या या चकत्यांच्या बारीक फटींतून वाफ आत जाते. सपाट भागात त्या छान रांगेत होत्या; खोल, अरुंद खाचेत एकही नव्हती, कारण तिथे ड्रिल पोहोचवणं कटकटीचं. नेमकी तिथेच वाफ कमी पडणार. काकांनी ट्रायलचा तुकडा त्या जागी मोडला. दाणे अख्खेच्या अख्खे सुटले. नीट भाजलेला तुकडा मोडला की दाणेच फाटतात.

दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलो तर त्याने नमुन्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी प्रश्नच: घनता किती ठेवणार? मशीन कोणतं, वाफेचा दाब किती? दाणे किती तास मुरवता? तुकडा साच्यातून निघाल्यावर किती आकसतो ते यावरच ठरतं. अर्धा मीटर लांबीवर 0.4 टक्के म्हटलं तरी 2 मिलिमीटर गेले, आणि मग त्यात पॅक केलेला पंप खोक्यात खुळखुळतो. फोटोवर दर सांगणाऱ्याला हे विचारायची गरज वाटत नाही.

त्याने वेल्डिंगही दाखवलं, कुठे आणि का ते सांगून. आम्ही शेवटचा हप्ता आमच्या मशीनवरच्या ट्रायलनंतर द्यायचं ठरवलं. तुकडे वाळवून वजन करायचं, ओले नाही. तोही लगेच कबूल झाला. दर मात्र त्याचा सर्वांत कमी नव्हता, आणि खरेदी विभागाला ते अजून पटलेलं नाही.