पास काढावा की तिकीट?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आंबेगावहून कोथरूडला येतात. स्वारगेटला बस बदलावी लागते. एकदा सहज विचारले, "मावशी, तुम्ही रोज तिकीट काढता की पास?"

"रोजचा पास काढते, काका. सत्तर रुपयांचा."

"मग महिन्याचाच का काढत नाही? स्वस्त पडेल."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "एक तारखेला दीड हजार एकदम कुठून आणू?"

मी गप्प बसलो. पण नंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण तिकीट आणि पास यांतली निवड आपल्यापैकी बहुतेक जण सवयीने करतात, हिशेबाने नाही.

पुण्यात पीएमपीचे दर १ जून २०२५ पासून बदलले. पूर्वी दोन-दोन किलोमीटरचे टप्पे होते, आता पहिल्या तीस किलोमीटरपर्यंत पाच-पाच किलोमीटरचे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याला दहा रुपये, पुढच्याला वीस, त्यापुढे तीस, असे भाडे वाढत जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत दिवसाचा पास ७० रुपयांना आणि महिन्याचा १,५०० रुपयांना झाला.

यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. बस बदलली की भाडे पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू होते. एकाच बसने आठ किलोमीटर गेलात तर वीस रुपये. तेच अंतर सहा आणि दोन किलोमीटर असे दोन बसने तोडलेत, तर वीस आणि दहा मिळून तीस रुपये. म्हणजे ज्याच्या घरापासून थेट बस नाही, त्याला तेवढ्याच अंतराला जास्त पैसे पडतात. पासाचा खरा उपयोग अशा माणसाला. पासवाल्याने कितीही बस बदलल्या तरी त्याचा खर्च वाढत नाही.

आता मावशींचा हिशेब पाहा. जाताना दोन बस, येताना दोन बस. प्रत्येकीचे वीस धरले तर दिवसाला ऐंशी रुपये. म्हणून त्या सत्तरचा पास घेतात, हे त्यांचे बरोबरच आहे. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे धरा. सत्तर गुणिले सव्वीस म्हणजे १,८२० रुपये. महिन्याच्या पासाला लागले असते १,५००. फरक ३२० रुपयांचा, वर्षाला ३,८४० रुपयांचा. ज्या बाईला दीड हजार एकदम काढता येत नाहीत, तीच बाई वर्षाला पावणेचार हजारांहून अधिक जादा भरते.

पण म्हणून पास सगळ्यांनाच परवडतो असे समजू नका. ज्याला थेट बस आहे आणि जाऊन-येऊन चाळीस रुपये लागतात, त्याचे सव्वीस दिवसांचे १,०४० रुपयेच होतात. त्याने दीड हजाराचा पास काढला तर तो स्वतःच्या खिशाला भोक पाडतो.

मुंबईच्या लोकलचे गणित अगदी वेगळे आहे. उमेदीची काही वर्षे मी ठाण्याहून बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जात असे. त्या प्रवासाला दुसऱ्या वर्गाचे तिकीट आज दहा रुपये आहे आणि महिन्याचा पास २१५ रुपये. म्हणजे अकरा दिवस जाऊन-येऊन झाले की पास वसूल! बाकीचे दिवस जवळजवळ फुकटच म्हणायचे. तिमाही पास मासिकाच्या साधारण २.७ पट असतो, म्हणून तो आणखी थोडा स्वस्त पडतो. मुंबईकराला हा पास किती जिवाभावाचा आहे, ते २०१४ च्या जूनमध्ये दिसले. मासिक पासाचे दर जवळपास दुप्पट होतील अशी पद्धत २० जूनला जाहीर झाली आणि गदारोळ झाल्यावर चारच दिवसांत ती मागे घेण्यात आली.

रेल्वे पास एवढा स्वस्त का देते? एक तर पैसे आगाऊ मिळतात. दुसरे, रोजचा प्रवासी महिन्यातून एकदाच खिडकीशी येतो. लाखो माणसे रोज सकाळी तिकिटाला उभी राहिली तर रांगा रस्त्यावर येतील. त्या बदल्यात पासाला अटी असतात. तो ज्याच्या नावाचा, त्यानेच वापरायचा. ओळखपत्र जवळ हवे. पास जिथपर्यंतचा, त्याच्या पुढे जायचे तर तेवढे वेगळे तिकीट हवे. दुसऱ्या वर्गाच्या पासावर पहिल्या वर्गात चढता येत नाही. विनातिकीट सापडलात तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे, म्हणजे पासापेक्षा जास्त!

तेव्हा नियम सोपा आहे. पासाच्या किमतीला आपल्या रोजच्या खर्चाने भागा. जो आकडा येईल, त्याहून अधिक दिवस जाणार असाल तर पास, नाहीतर तिकीट. हल्ली अनेकांना आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत जावे लागते. त्यांनी जुन्या सवयीने पास काढण्याआधी हा भागाकार जरूर करावा.

मात्र भागाकाराने मावशींचा प्रश्न सुटत नाही. पास म्हणजे शेवटी घाऊक खरेदी. वर्षाचे गहू भरून ठेवणाऱ्याला ते स्वस्त पडतात, आणि रोज किलोभर पीठ आणणाऱ्याला महाग. गरज दोघांची सारखीच असते, पण हाताशी असलेली रक्कम सारखी नसते.

यावर एक उपाय लंडन शहराने केला. तिथे २००३ मध्ये ऑयस्टर नावाचे कार्ड आले. २००५ पासून त्यावर दिवसाची कमाल मर्यादा ठरवली गेली. प्रवासी प्रत्येक वेळी कार्ड टेकवतो आणि भाडे कापले जाते. मर्यादा गाठली की त्या दिवसापुरते कापणे थांबते. पुढे बँकेच्या कार्डांना आठवड्याची मर्यादाही आली. म्हणजे पैसे थोडे थोडे भरायचे आणि फायदा मात्र पासाचा घ्यायचा. त्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे एका माणसाचे सगळे प्रवास एका खात्यावर नोंदले गेले पाहिजेत. कागदी तिकिटाच्या काळात ते शक्य नव्हते. आता आपल्याकडेही कार्ड आणि मोबाइलवरची तिकिटे आली आहेत. तेव्हा महिन्याची अशी मर्यादा आपल्या शहरांनाही ठरवता येईल. ती मागणी आपण प्रवाशांनी करायला हवी.

तोवर काय? मावशी तीन घरी काम करतात. मी उरलेल्या दोन घरांशी बोललो. आता एक तारखेला प्रत्येक घर पाचशे रुपये उचल देते आणि महिनाअखेरीस ती पगारातून वळती होते. कोणाच्याही खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही. दिवाळीला साडी देताना आम्हाला कधी सुचले नाही ते हे. सुचायला फक्त एकदा विचारावे लागले.