तोबऱ्यातला इतिहास

जुन्या लढायांची वर्णने वाचताना आपला डोळा तलवारीवर असतो. कोणती बगल मोडली, हत्ती कुठे बुजले, निशाण कधी पडले, हे बखरकार रंगवून सांगतो आणि आपणही चवीने वाचतो. त्या सकाळी घोड्याच्या तोबऱ्यात चंदी होती का, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवतो. तरी पूर्वीच्या फौजा कशा लढल्या याचा शोध घ्यायचा, तर सुरुवात तोबऱ्यापासूनच करावी लागते. फौज किती मोठी असू शकेल, कुठे थांबेल, कधी लढेल, एवढेच काय, कोणती रचना करून लढेल, हेही बरेचसे दाणावैरणीने ठरत असे.

पहिला उपयोग आकड्यांची परीक्षा घेण्याचा. इ. स. पू. 480 मध्ये इराणच्या झर्क्सिसने ग्रीसवर स्वारी केली. हिरोडोटसने नोकरचाकर धरून त्याच्या माणसांची संख्या 52 लाखांवर नेली आहे. गंमत अशी की त्यांच्या रोजच्या धान्याचा हिशेबही त्यानेच मांडला : माणशी एक माप धरून 1,10,340 मेदिम्नोस. एक मेदिम्नोस म्हणजे सुमारे 52 लिटर. एवढे धान्य रोज कुठून येणार, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला, पण आकडा काही त्याने खाली आणला नाही. पुढे जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक याने वाटेची लांबी मोजली. त्याच्या काळातल्या जर्मन सैन्याची रांग चालताना किती लांब होई, हे ठाऊक होते. त्या मापाने झर्क्सिसच्या फौजेचे तोंड थर्मोपिलीला पोचले असते, तेव्हा शेपूट तैग्रिसपलीकडे सुसाहून नुकते निघत असते. ग्रंथाला ग्रंथाने खोडता येत नव्हते, रस्त्याने खोडले.

दुसरा उपयोग अधिक खोल आहे. एका घोड्याला रोज निदान 4 किलो दाणा धरू, वैरण वेगळीच. 10,000 घोड्यांना 40 टन लागतील. लादणीच्या एका बैलाच्या पाठीवर 100 किलो धरले, तर रोज 400 बैल रिकामे व्हायला हवेत. धान्याचे कोठार दहा दिवसांच्या वाटेवर असेल, तर जाऊन-येऊन वीस दिवस, म्हणजे 8,000 बैल सतत वाटेवर. त्या बैलांच्या चाऱ्याचा आणि हाकणाऱ्यांच्या भाकरीचा हिशेब अजून केलेलाच नाही. म्हणून फौज एका जागी फार दिवस राहू शकत नसे. भोवतालचा मुलूख चरून झाला की पुढे सरकायचे, नाही तर लमाणांचे तांडे येत राहतील अशी वाट राखायची.

पानिपताकडे या नजरेने पाहावे. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा तिथला धान्यसाठाही हाती आला. आठवड्याभरात अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून आला आणि दोन्ही फौजा एकमेकींची वाट अडवून बसल्या. फरक पाठीशी होता. अब्दालीला नजीबखानामुळे दुआब आणि रोहिलखंडाची रसद खुली होती. मराठ्यांची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती आणि डिसेंबरात ते मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बुणगे, बायका, यात्रेकरू अशी खाणारी तोंडे मोठी. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज सांगतो की, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे मराठे सरदार अखेर सेनापती भाऊंना म्हणाले. 14 जानेवारी 1761 हा दिवस मुहूर्ताने ठरला नव्हता, रिकाम्या कोठाराने ठरला होता. गोलाची रचनाही त्यातूनच आली. पोटात बुणगे घेऊन यमुनेच्या दिशेने सरकायचे, तर भोवती तोफा आणि गारद्यांच्या पलटणी असणे भाग होते. गनिमी काव्याची सवय असलेले घोडदळ अशा गोलात जखडले गेले.

यावर कोणी म्हणेल, मग मंगोलांचे काय? त्यांच्यामागे बैलांचे तांडे नव्हते. खरे आहे, एकेका स्वाराबरोबर अनेक घोडे असत आणि ते गवतावर जगत. पण म्हणूनच त्यांची सीमाही गवताने आखली. 1260 मध्ये हुलागूने सीरियातून बहुतेक फौज मागे नेली. थोरला भाऊ मोंगके खान वारला होता हे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण हुलागूने 1262 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईला पाठवलेल्या पत्रात चारा आणि अन्न संपल्याचे लिहिले आहे. मागे ठेवलेली तुकडी 1260 मध्येच ऐन जालूतला मामलुकांकडून हरली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळे दाण्यावर ढकलले, तर पराक्रमाला आणि निर्णयाला जागा कुठे उरली? पानिपतावर गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली होती. विश्वासराव पडले नसते तर काय झाले असते, ही चर्चा अजून चालते. ती चालू द्यावी. दाणावैरणीचा हिशेब निकाल सांगत नाही. लढणाऱ्यांपुढे कोणते पर्याय उरले होते, तेवढे तो सांगतो. उपाशी घोड्यावर बसून दुपारपर्यंत झुंजणाऱ्याचा पराक्रम त्या हिशेबाने कमी होत नाही, उलट त्याचे मोल कळते.

आणि हा हिशेब आपणच मागाहून लादतो आहोत असेही नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजीमहाराजांनी 1670 च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळाल, तर पुढे घोडी मरतील आणि तुम्ही रयतेला लुबाडू लागाल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळून जाईल, इथवर ताकीद आहे. बखरीत त्या उंदराला जागा मिळाली नाही. पण ज्याला फौज चालवायची होती, त्याने त्याची दखल घेतली होती.