शॉकनंतर खांदा वळत नसेल तर



रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला स्टार्टरच्या पेटीचा शॉक बसणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ओले हात, ओली जमीन, आणि पेटीला अर्थिंग असेलच असे नाही. माणूस वाचला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढतात, भाजल्या जागी मलम लावतात, आणि तेच आधी व्हायला हवे. पण खांदा दुखतो म्हटले की "अंग धरलंय, जाईल चार दिवसांत" म्हणून विषय संपतो. घोटाळा होतो तो इथे.

आपल्या लाईनचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. त्याने स्नायू आखडतात आणि ढिले पडतच नाहीत. म्हणून तर मूठ सुटत नाही. खांद्याला आत वळवणारे छातीचे व पाठीचे स्नायू दांडगे, बाहेर वळवणारे लहान. सगळे एकदम आखडले की दांडगे जिंकतात आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून मागे सरकतो. माणूस पडला नाही, कुठे आपटला नाही, तरी खांदा निखळतो! फिट आल्यावरही असेच होते.

एरवी खांदा बहुधा पुढे निखळतो आणि तो बघताच कळतो. मागे निखळणे शंभरात दोन-चार वेळाच, आणि समोरून काढलेल्या फोटोत ते नीटसे दिसत नाही. मग फोटो चांगला आला म्हणून माणूस महिनोन्‌महिने तेल चोळत बसतो.

ओळखायचे कसे? कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि दार उघडल्यासारखा हात बाहेर न्या. निखळलेला हात पोटापाशीच अडतो, बाहेर वळत नाही. पुढे केलेला तळहात आभाळाकडे पुरता उताणा होत नाही. जोर मात्र लावू नका. कधी कधी दोन्ही खांदे निखळतात, तेव्हा दुसऱ्या हाताशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

असे दिसले तर डॉक्टरांना शॉकची हकिकत सांगा आणि काखेच्या बाजूने फोटो किंवा सी.टी. स्कॅन लागेल का, हे विचारा. विचारण्यात संकोच कसला? खांदा आपला आहे. हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. गोळ्याला खोबणीच्या कडेने खाच पडलेली असते, कधी हाडही मोडलेले असते.

लवकर कळले, खाच लहान असली, तर भूल देऊन खांदा बहुधा बिनचिऱ्याचा बसतो. तीन आठवडे उलटले की ते अवघड होत जाते, मग शस्त्रक्रिया. गोळा फारच खराब झाला तर सांधाच बदलावा लागतो. बसवल्यावर हात गळ्यातल्या झोळीत पोटावर घेऊ नये, कारण तसाच ठेवल्याने गोळा पुन्हा मागे जाऊ शकतो. डॉक्टर हात थोडा बाहेर राहील असा पट्टा देतात. काही आठवडे तो बांधायचा, नंतर व्यायाम. तोवर खोरे दुसऱ्याच्या हाती द्यावे.